घोट

सुनेत्राबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "नाही हो, अंगावर कुठलं! ते बाळ ओढतच नाही." गॅलरीत लंगोट वाळत घालणाऱ्या चैत्रालीच्या हातून चिमटा निसटला आणि तीन मजले खाली गेला. वाक्यात तसं काही नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्या साधेपणानं सासूबाई ते सांगत होत्या, आणि खरं तेच सांगत होत्या. इरा सहा आठवड्यांची झाली होती आणि एकदाही आईच्या अंगावर नीट प्याली नव्हती. पण 'ते बाळ'? बारसं होऊन महिना झाला, पाळण्यावर रंगीत कागदात कापून लावलेलं नाव अजून उतरवलेलंही नाही, तरी ते बाळ. चैत्राली कठड्यावरून वाकून बघत राहिली. निळा चिमटा खाली कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर पडला होता. सकाळचे अकरा वाजले होते. बेलवलीच्या त्या सोसायटीतली ऑफिसला जाणारी माणसं केव्हाच निघून गेली होती आणि मागं राहिलेल्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या येत होत्या. मग तिला आठवलं, काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती स्वतःच राजसला म्हणाली होती, "ते झोपलंय, दार हळू लाव." परवाही असंच काहीतरी म्हणाली होती. सहा आठवडे रोजच म्हणत असणार. फक्त आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं होतं.

ती आत आली आणि पंप घेऊन बसली. वेळ झालीच होती. दर अडीच तासांनी ती दूध काढत असे आणि सुनेत्राबाई ते बोंडल्यातून इराला पाजत. चांदीचं, चोचीचं ते जुनं बोंडलं घासूनपुसून, उकळत्या पाण्यात टाकून, चिमट्यानं काढून त्या इतक्या निगुतीनं ठेवत की चैत्रालीला आपल्या फॅक्टरीतली प्रयोगशाळा आठवे. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत ती केमिस्ट होती. आठ वर्षं मापात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढायचं काम केलं होतं. पंपाचा मोटरसारखा गुरगुराट सुरू झाला. पान्हा फुटताना आधी मुंग्या येत, मग काखेपासून एक कढ खाली उतरत येई आणि मग थेंब. हे सगळं इतकं ठरल्यासारखं होई, आणि तरी दर वेळी तिला वाटे की शरीराला अजून कुणी काही सांगितलेलंच नाही. शरीराला वाटतंय सगळं नेहमीसारखंच झालंय.

तिला तिसरा दिवस आठवला. प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी इराची मूठ हलकेच उलगडली होती आणि तळहातावरची आडवी एकच रेघ दाखवली होती. मग डोळ्यांच्या कडा, मानेमागची सैल कातडी. "रक्त तपासायला पाठवू, पण मला डाउन सिंड्रोम वाटतोय. हृदयाचा फोटोही काढून घेऊ." राजस म्हणाला, "म्हणजे नक्की काय?" आणि बाई समजावत राहिल्या, सावकाश, चांगल्या शब्दांत. चैत्राली त्या रेघेकडे बघत होती. बाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "अशी मुलं बहुतेक अंगावर ओढत नाहीत. मनाला लावून घेऊ नका. पावडरचं दूध असतंच." त्या वेळी चैत्रालीला जे वाटलं ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, राजसलासुद्धा नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. बरं झालं, ओढत नाही. बरं झालं, हे एवढं तरी माझ्याकडून मागितलं जाणार नाही. चौथ्या दिवशी दूध उतरलं, छाती दगडासारखी झाली, ताप भरला, आणि तिनं राजसला सांगितलं, "दूध बंद करायची गोळी असते म्हणतात, विचार ना." राजस औषधांच्या दुकानापर्यंत गेला आणि तसाच परत आला. दुकानात गर्दी होती, म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही. पंप मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी आणला. पुढं रिपोर्टही आला, शेहेचाळिसाऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रं हा आकडा घेऊन. हृदयात एक बारीक छिद्र निघालं, बहुधा आपोआप बुजेल असं. तिची स्वतःची आई चार वर्षांपूर्वी गेली होती. रिपोर्ट हातात घेऊन ती पहिल्यांदा मनाशी म्हणाली, बरं झालं आई नाही. हेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अशी दोन 'बरं झालं' तिच्या छातीत दुधाशेजारी बसून होती.

पंप बंद करून तिनं फोन उचलला. प्रयोगशाळेतल्या भाविकानं तीन आठवड्यांपूर्वी एक नंबर पाठवला होता: उल्हासनगरला एक सिस्टर आहे, सोनिया, बाळांना अंगावर घ्यायला शिकवते, माझ्या वहिनीला फार उपयोग झाला. चैत्रालीनं उत्तरात नुसता नमस्काराचा हात पाठवला होता. आता तिनं नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर एकदम म्हणाली, "माझी मुलगी ओढत नाही. तिला डाउन सिंड्रोम आहे. तुम्ही बघाल का?" फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की हे दोन शब्द बाहेरच्या माणसाशी ती आज पहिल्यांदा बोलली होती, आणि बोलून झाल्यावर गॅलरीतलं ऊन होतं तिथंच होतं.

शनिवारी राजसनं गाडी काढली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका गल्लीत, खाली जीन्सच्या पँटींची दुकानं आणि वर एक छोटं प्रसूतिगृह, त्याच्या पहिल्या मजल्यावर सोनियाची खोली होती. चाळिशीची, ठेंगणी, केसांना मेंदी लावलेली सिंधी बाई. ती मराठी बोलायला सुरुवात करी आणि वाक्याच्या अर्ध्यावर हिंदीत उतरे. राजसला तिनं खाली चहा प्यायला पाठवलं. इराला दुपट्यातून मोकळं केलं, उचलून स्वतःच्या खांद्याशी धरलं, करंगळी धुऊन तिच्या तोंडात घातली आणि डोळे मिटून काही ऐकत असल्यासारखी उभी राहिली. मग म्हणाली, "ओढती है. कोण बोलला ओढत नाही? ताकद कमी आहे, बस. आळशी नाहीये दीदी, ती थकते. तिचा गाल ढिला, जबडा ढिला, जीभ बाहेर पळते. तुम्ही जबडा पकडा, बाकी काम ती करेल."



सोनियानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला करायचं आहे ना? की घरवाले बोलले म्हणून?"

"मला माहीत नाही," चैत्राली म्हणाली. इतकं खरं उत्तर आपण कसं दिलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"चलेगा. माहीत नसलं तरी करता येतं. बसा."

मग सोनियानं इराला आडवं न घेता मांडीवर उभं बसवलं, आईकडे तोंड करून, पोट पोटाला लावून. चैत्रालीच्या हाताची तीन बोटं स्तनाखाली, आणि अंगठा नि तर्जनी इराच्या दोन्ही गालांवर, मधल्या बेचक्यात ती हनुवटी. "असं. वाटीसारखं. ती थांबली की तुम्ही छाती हलके दाबा, दूध तिच्या तोंडात येईल, मग ती पुन्हा ओढेल. दहा मिनिटं. मग उरलेलं बोंडल्यातून, वजन उतरायला नको." इरानं दोनदा ओढलं, जीभ बाहेर काढली आणि झोपली. सोनियानं ओल्या बोळ्यानं तिचे तळपाय पुसले. इरानं कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा एकदा ओढलं, पुन्हा झोपली. दूध चैत्रालीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं. "पहिल्या दिवशी इतकं खूप झालं," सोनिया म्हणाली आणि इराच्या डोक्यावर बोट ठेवून तिच्याशी सिंधीत काहीतरी बोलली. चैत्रालीला ते कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. शेजारच्या मुलाला अभ्यासाला बस म्हणावं तसा.

पुढच्याच आठवड्यात अंबरनाथच्या बालरोगतज्ज्ञांकडे वजन झालं. दोन किलो सातशे नव्वद. जन्मापासून चारशेसुद्धा वाढलं नव्हतं. डॉक्टर वयस्कर होते, घाईत बोलत नसत. त्यांनी सोनियाचं सगळं ऐकून घेतलं. "प्रयत्न करा. पंधरा दिवस देतो. दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर पावडर घालून दाट दूध सुरू करू आणि अंगावरचा हट्ट सोडायचा. पिण्यातच तिची ताकद संपायला नको. हृदयाचाही विचार आहे." हट्ट हा शब्द चैत्रालीनं घरापर्यंत सोबत आणला. तिनं आयुष्यात कधी हट्ट केला नव्हता. आणि आता केला तो कशासाठी, हे तिला अजून नेमकं सांगता आलं नसतं.

पहिले आठ दिवस वाईट गेले. इरा भुकेसाठी रडत नसे. तिला भूक लागते की नाही हेच कळत नसे. ठेवलं तिथं ती शांत पडून राही, पंख्याकडे बघत, आणि येणारे-जाणारे म्हणत, किती शहाणं बाळ, त्रास म्हणून नाही. चैत्रालीला त्या शांततेची भीती वाटे. गजर लावून ती इराला उठवी, झबलं काढी, पाय पुसी, उभं बसवी, गाल धरी. चार घोटांचं ओढणं, मग मान लुळी. पाठ भरून येई, अंगठा बधिर होई. हातातला तो जबडा इतका मऊ होता की तिला वाटे आपण काहीतरी अर्धवट घडलेलं धरून बसलोय आणि जोर जास्त झाला तर बोटांचे ठसे उमटतील. कधी कधी तिला मनातून संताप येई. ओढ की. एवढंच तर करायचंय. जगातलं प्रत्येक पिल्लू हे करतं. आणि मग त्या संतापाचीच लाज वाटून ती इराची टाळू हुंगत बसे. तिथं दुधाचा आणि घामाचा आणि आणखी कशाचा तरी वास येई, भिजवलेल्या बदामाच्या जवळपासचा. हा वास तिला केव्हापासून पाठ झाला होता, कळलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी सुनेत्राबाई मटार सोलत समोर बसल्या होत्या. चैत्रालीची खटपट बघता बघता म्हणाल्या, "उगाच हाल करतेस दोघींचे. बोंडल्यानं पितंय की छान."

"आई, तुम्ही राजसला किती दिवस पाजलंत?" चैत्रालीनं विचारलं. टोमणा मारायचा नव्हता, पण थोडा लागलाच असावा.

सुनेत्राबाईंचे हात थांबले. "आठ दिवस," त्या म्हणाल्या. मग शेंगेतला एक दाणा बोटांत फिरवत राहिल्या. "तेव्हा आम्ही अंबरनाथला कंपनीच्या कॉलनीत होतो. सगळ्या साहेबांच्या बायका बाटली द्यायच्या. राजस रडायचा फार. चौथ्याच दिवशी कुणीतरी टेबलावर पावडरच्या दुधाचा डबा आणून ठेवला. मी एकदा दिला, तो शांत झोपला. मग पुन्हा दिला. आठव्या दिवशी मला दूधच येईना. मी म्हटलं, मीच कोरडी. पस्तीस वर्षं मी असंच म्हणत आले, मला दूधच नव्हतं." तो दाणा ताटात टाकून म्हणाल्या, "होतं गं. चोळी भिजायची. पण थांब जरा, असं मला कुणी म्हटलं नाही."

इतके आठवडे या बाईच्या नीटनेटकेपणाचा चैत्रालीला राग येत होता, त्या उकळत्या पाण्याचा, चिमट्याचा, घड्याळाचा. आता तिला दिसलं की त्या नीटनेटकेपणाखाली एक भिजलेली चोळी आहे, आणि ती कुणी पाहू नये म्हणून इतकी वर्षं सगळं कोरडं ठेवलं गेलंय. तिला वाटलं, आपलीही ती दोन वाक्यं आता सांगून टाकावीत. पण तिनं एवढंच म्हटलं, "मला पहिल्यांदा वाटलं होतं, बरं झालं ओढत नाही."

सुनेत्राबाईंनी मान वर केली नाही. "वाटतं," त्या म्हणाल्या. मटाराचं ताट बाजूला सरकवून उठल्या, हात धुऊन आल्या, ओला बोळा घेतला आणि पलंगाच्या कडेला बसून इराचे तळपाय पुसायला लागल्या. "ए इराबाई. उठा. आईचा हात दुखतोय. उठा, कामाला लागा." त्या दिवसापासून प्रत्येक वेळेला त्या समोर बसू लागल्या. बोलणं फारसं होत नसे. एकीनं जबडा धरायचा, दुसरीनं पाय.

अकराव्या दिवशी, सुमारे चार वाजता, शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये सुतारकाम चाललं होतं. करवत चालायची, थांबायची. अशाच एका थांबण्यात चैत्रालीला तो आवाज आला. क्. अगदी बारीक, इराच्या घशातून. मग थोड्या वेळानं पुन्हा, क्. याआधी तोंडात दूध जायचं, बाहेर यायचं, काही आत उतरतही असेल. पण हे वेगळं होतं. हे तिनं ओढलेलं आणि तिनंच गिळलेलं होतं. चैत्रालीनं छाती दाबली नाही. तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला. ओढ, ओढ, क्. ओढ, ओढ, ओढ, क्. सवयीनं ती मोजायला लागली, सतरापर्यंत गेली आणि मग करवत पुन्हा सुरू झाली. आवाज बुडाला, पण आता तो तिच्या बोटांना कळत होता, हनुवटीखाली घसा हलल्याचं. आकडा चुकला तो चुकलाच. इराचे डोळे उघडे होते. नेहमीसारखे पंख्याकडे नाही; वर, तिरके, थेट आईच्या तोंडाकडे. चैत्रालीला माया दाटून वगैरे आली नाही. पुढंही या क्षणाविषयी तिनं कधी तसं सांगितलं नाही. तिला जे वाटलं ते साधं होतं. प्रवासात शेजारी झोपलेलं माणूस नकळत आपल्या खांद्यावर डोकं टेकवतं आणि आपण हलत नाही, तसं काहीतरी. कुणीतरी आपल्यावर भार टाकलाय, आणि तो पेलतोय. दुसऱ्या बाजूनंही दूध आपसूक वाहायला लागलं होतं, परकरापर्यंत भिजली होती, आणि तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं. सुनेत्राबाई बोळा हातात तसाच धरून बसल्या होत्या. संध्याकाळी राजस आला तेव्हा दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली. तो चप्पल न काढता दारातच ऐकत उभा राहिला, मग बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत होता.

पंधराव्या दिवशी राजसला सुट्टी मिळाली नाही. दोघी रिक्षानं अंबरनाथला गेल्या. काट्यावर इराला उघडी ठेवली तेव्हा तिनं दोन्ही हात पसरले. तीन किलो ऐंशी. चैत्रालीनं तिथल्या तिथं वजाबाकी केली. दोनशे नव्वद. तीनशे व्हायला हवे होते. "दहा ग्रॅम कमी आहे," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, दहा ग्रॅम म्हणजे सकाळची शी." मग त्यांनी इराच्या छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "मी चार कारणं सांगून बंद करायला लावणार होतो. आता एकच सांगतो, चालू ठेवा. हृदयाचा फोटो तीन महिन्यांनी." पुढं फिजिओथेरपी, कानांची तपासणी, थायरॉइडची तपासणी अशी यादी होतीच. ती लांब होती आणि बरीच वर्षं चालणार होती. चैत्रालीनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. तिला त्या यादीची भीती वाटली, पण ओळखीच्या माणसाची वाटावी तेवढीच.

बाहेर आल्यावर सुनेत्राबाई म्हणाल्या, "इतक्या जवळ आलोच आहोत तर शिवमंदिराकडून जाऊ. कितीतरी दिवसांत गेले नाही." महाशिवरात्र आठ दिवसांवर होती. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बांबू रोवून मांडव घालणं चाललं होतं. रिक्षा सोडून दोघी बेलाच्या नि नारळांच्या एका दुकानापाशी थांबल्या, सुनेत्राबाई बेल निवडू लागल्या, आणि चैत्रालीच्या खांद्यावर इरा हलली. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, मूठ तोंडाशी नेली, ती चोखून पाहिली, आणि रडली. कुरकुर नव्हती ती. चेहरा लाल करून, हनुवटी थरथरवत, श्वास घेऊन पुन्हा, अशी ती भररस्त्यात मोठ्यानं रडली. बांबू रोवणारी माणसं वळून बघायला लागली. चैत्रालीनं घड्याळ पाहिलं. गजराला अजून पाऊण तास होता. गजर नाही, ओला बोळा नाही, कुणी उठवलं नाही. हिला स्वतःला काहीतरी हवं होतं आणि ते ती मागत होती. सुनेत्राबाई हातात बेलाची पानं घेऊन उभ्याच. चैत्रालीला माहीत होतं की आता बसायला जागा शोधायला हवी, पण तिचे पाय हलेनात. तिला अजून थोडं ऐकायचं होतं. फक्त थोडंसं. इरा रडत होती आणि ती ऐकत होती.

"काय गो बाय, बघत काय रायलीस?" दुकानातली म्हातारी ओरडली. काळी, किडकिडीत, नऊवारी नेसलेली. "पोर भुकेनं कासावीस झालंय, न तू आपली उभी! आजकालच्या पोरी. पाज ना तिला!"

"पाजते," चैत्राली म्हणाली. "चुकलंच."

"चुकलंच म्हनं. ये, आत ये. हितं बस."

दुकानाच्या मागच्या बाजूला गोणपाट टाकलेली एक लाकडी पेटी होती. चैत्राली तिच्यावर बसली, पदर घेतला, इराला उभं धरून हात वाटीसारखा हनुवटीखाली नेला. इरानं शोधायला वेळ लावला नाही. रडणं मध्येच तुटलं आणि नाकातून एक लांब, रागावलेला श्वास आला. म्हातारीनं जवळ येऊन पाहिलं, त्या चेहऱ्याकडे पाहिलं, गालावरच्या बोटांकडे पाहिलं. तिला काही कळलं असेल किंवा नसेल. ती वाकली, नारळांची एक रिकामी पाटी उपडी केली आणि पायानं चैत्रालीपुढं सरकवली.

"पाय वर घे," ती म्हणाली. "कंबर धरंल नायतं."

चैत्रालीनं पाय वर घेतले.